बैठ्या घराचं गाऱ्हाणं

कोणी मानणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांतल्या एकानेही मानलेली नाही. आमच्या डॉक्टरांनी तर ऐकता ऐकता मधेच माझी नाडी बघितली. पण मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे, आमच्या चार मजली इमारतीच्या कंपाउंडात एक बैठं घर उभं होतं. दहा खोल्यांचं. पडवी, ओटी, माजघर, गोठा, सगळं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, तरी लोक आत येताना चपला बाहेर काढायचे.

परवाच्या रविवारी मी हे असं सुरू केलं तेव्हा बाकड्यावर शिवदास होता. शिवदास आमच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्याच वर्षी राहायला आला. मूळचा लातूरकडचा, नोकरीने कोर्टात टायपिस्ट. साक्षीदार काय बोलतो ते शब्दन्‌शब्द टाइप करून करून त्याला एक वाईट खोड लागलीय, ऐकलेलं विसरत नाही. मला श्रोता विसरभोळा आवडतो. पण रविवारी सकाळी मिळेल तो घ्यावा लागतो.

आमचं बाकडं माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. आत आमची सुगंधा विळीवर नारळ खवत होती. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज चालू आहे तोवर मी बिनधास्त बोलतो.

"आता तुम्ही तळमजल्यावर आहात," शिवदास म्हणाला, "पण आधी चौथ्यावर होतात ना, काका?"

होतो. आणि स्वतःच्या हाताने गेलो होतो. एकाहत्तर साली ह्या वसाहतीची सोडत निघाली. चिठ्ठ्या मडक्यात, मडकं टेबलावर. मी हात घातला, चौथा मजला आला. माझ्यामागे लवू उभा. लवू माझ्याच मिलमधला, माझ्याच साचेखात्यातला, गावही नदीच्या पलीकडचं. त्याने हात घातला, तळमजला आला. त्याची बायको विमला हिरमुसली, तिला वारा हवा होता. लवू मला म्हणाला, "गुणाजी, बदलूया काय रे?"

आता मी काय म्हणावं? वीस-पंचवीस माणसं उभी होती, आणि एवढी माणसं समोर दिसली की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "लवू, गरुडान वर रवाचा, बेडकान खाली."

लोक हसले. लवू हसला नाही. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तेवढंच.

आणि मी गरुड झालो. काय तो चौथा मजला, शिवदास! पहिल्या सकाळी गॅलरीत उभा राहिलो तर समोर मिठागरं, त्यांच्यापुढे खाडी, खाडीपुढे डोंगर, आणि डोंगराच्या खांद्यावरून बघितलं तर थेट मालवण. सासूबाई अंगणात आमसुलं वाळवत होत्या. मी बनियनवर होतो. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि पदर घेतला.

"मुलुंडवरून मालवण?"

"तेव्हा मधे एवढ्या इमारती नव्हत्या."

शिवदासने मान हलवली, पण कुठेतरी टाइप करून ठेवल्यासारखी.

तर चौदा वर्षं मजेत गेली. बहात्तर पायऱ्या. सुगंधा दोन कळश्या घेऊन चढायची आणि वर पोचल्यावर मला विचारायची, "तुमका धाप कशाक लागली?" मग तिचे गुडघे बोलायला लागले. आधी कुरकुरले, मग कडकडले. ती जिना उतरायला लागली की दुसऱ्या मजल्यावरची माणसं कोणी कडी वाजवतंय समजून दार उघडायची. डॉक्टर म्हणाले, "बाई, एका दिवसात एक तर चढा नाहीतर उतरा." पंच्याऐंशीच्या शिमग्याला ती होळीला नारळ वाहायला उतरली, परत चढून आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "आता पुरे." त्यानंतर ती खाली उतरली नाही.

टोपली आणि दोरी, ह्यांवर आमचा संसार चालला. गॅलरीतून टोपली खाली, कोळणीचे बोंबील वर. टोपली खाली, टपाल वर. एकदा बोंबलांवर बसून मांजर वर आलं, त्याला पाहुणचार करून परत पाठवावं लागलं. एकदा माझा मेहुणा आला, त्याला चढायचा कंटाळा.

"टोपलीतून?"

"तेव्हा बारीक होता."

आत खर्र, खर्र चालूच होतं. म्हणून पुढे सरकलो.

एका संध्याकाळी सुगंधा कठड्याला टेकून खाली बघत होती. खाली बायका गवार मोडत बसल्या होत्या, पाय पसरून, मातीत. ती म्हणाली, "ओ, माका मातीत पाय ठेवूचे हत."

मी म्हणालो, "कुंडीत माती हा की."

"कुंडीत पाय मावनत नाय."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसणं ही केवढी गोष्ट आहे ते तुम्हाला कळलंच असेल. मग ती सांगत बसली. तिला एक घर हवं होतं. बैठं. सगळं एका पातळीवर, पायरी एकही नको. उंबरठासुद्धा नको, उंबरठ्याच्या जागी रांगोळीची रेघ चालेल. दारात बसलं की पाय अंगणात. जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलताना ओरडायला नको. "चार मजले ओरडान ओरडान माझो आवाज बघा कसो झालो," ती म्हणाली. खरंच झाला होता. ती गॅलरीतून 'भाजी' म्हणाली की स्टेशनजवळचा भाजीवाला 'ओ' द्यायचा.

"बांधतंय," मी म्हणालो.

कशावर बांधणार? मिल संपात गेली ती गेलीच, मी औषधांच्या एका कारखान्यात वॉचमन. जमीन नाही, विटा नाहीत, छपराला कौल नाही. पण मीटररूममध्ये दोन पोती फक्की होती, कबड्डीचं मैदान आखायचा पांढरा चुना. आणि आमच्या गावची रीत अशी, की घर आधी आखून बघायचं. खुंट्या मारायच्या, सुतळी ताणायची, जमिनीवर फक्की ओतायची. मग घरधनीण त्या रेघांमधून फिरते आणि चूल कुठे ते सांगते. ती सांगते तिथेच चूल, मग गवंडी कितीही शहाणा असो. चूल ठरल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही.

दुसऱ्या सकाळी मी डबा भरून फक्की घेतली आणि कंपाउंडात घर आखायला लागलो. घरधनीण चौथ्या मजल्यावर, कठड्याला टेकून.

"ओ! न्हाणी तुळशीक लागली! चार पावलां मागे घेवा!"

घेतली.

"गोठ्याचो वास ओटयेर येतलो! वारो खंयसून येता ता बघा!"

गोठा फिरवला. दुपारपर्यंत दहा खोल्या झाल्या. बाळंतिणीची खोली झाली, भाताची कणगी ठेवायची खोली झाली. चारला सुगंधाने वरून डोळे मिटून त्यात एक चक्कर मारली आणि ओरडली, "झकास! पण माजघरात काळोख हा. खिडकी काढा!" मी खिडकी आखली. "आता कसा बरा उजेड इलो!"

आणि मग त्या घरात माणसं वावरायला लागली, हे ऐक शिवदास. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी दूधवाला सायकल घेऊन आला तो सरळ गोठ्यातून जायला निघाला. वरून सुगंधा ओरडली, "मेल्या, दारातसून ये!" तो वळसा घालून दारातून आला. तिसऱ्या दिवसापासून सगळेच दारातून यायला लागले. ऑफिसला उशीर झालेली माणसंसुद्धा पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात, मागच्या दाराने बाहेर, आणि मग धावत स्टेशनकडे. दुसऱ्या मजल्यावरची द्रौपदीबाई भांडायला आली, की तिच्या वाळत घातलेल्या साड्या आमच्या देवघरातून जातायत म्हणून तिला पाप लागतंय, तर देवघर हलवा. मिठागरांकडच्या वाटेवरून, टाकळ्याचा पाला चरत, एक गाय आली, सगळं कंपाउंड सोडून गोठ्यात शिरली आणि बसली. दावणीला. मी दावण आखलेली होती.

एक दलाल तर एका कुटुंबाला घेऊन आला. मी बाजूला उभं राहून बघत होतो. दलाल ओटीवर उभा राहून म्हणाला, "बघा, हवा बघा." नवरा म्हणाला, "हवा आहे हो, पण भिंती जरा पातळ वाटतात." बायकोला स्वयंपाकघर आवडलं, पण ती म्हणाली, वरून कोणीतरी सारखं ओरडतंय, शेजार चांगला नाही.

"काका," शिवदास म्हणाला, "दलालाचं नाव काय?"

"नाव सांगितलं तर तो तुझ्या कोर्टात येईल."

असं ते घर उभं राहिलं. पण कंपाउंड सगळ्यांचं. सगळ्यांच्या जागेत दहा खोल्या किती दिवस टिकणार? दुसऱ्या मजल्यावरच्या राजारामने स्कूटर घेतली. ती ठेवायला जागा हवी. मी वर बघितलं. सुगंधाने थोडा विचार केला आणि म्हणाली, "गोठो जावं दे. आपली गाय खंय आसा? होती ती पावणी." मी गोठा पुसला. मग कबड्डीच्या मंडळाची पोरं आली, म्हणाली फक्की आमची, मैदानही आमचं. एका संध्याकाळी चढाईला गेलेला गडी रेघा ओळखायला चुकला आणि न्हाणीघरात अडकला. बाहेर यायला दार कुठे तेच त्याला कळेना, वरून सुगंधाने वाट दाखवली. पडवी गेली, न्हाणी गेली. पाण्याचा टँकर यायला लागला, परसदार गेलं.

"बाळंतिणीची खोली?" मी वर तोंड करून विचारलं.

"आता कोण बाळंत होतला हयसर? पुसा!"

सगळं कंपाउंड हसलं, तीही हसली. प्रत्येक वेळी हसून ती एकेक खोली सोडून देत गेली. मला वाटायचं, ही रडेल. पण ती म्हणायची, "एवढा झाडूक कोण हा? बरा झाला." दहाच्या सात, सातच्या चार. देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेलं. माजघर आणि ओटी एक झाली. शेवटी दोन खोल्या उरल्या. चूल आणि पथारी. बाकी काहीच नको, बैठं असलं म्हणजे झालं.

त्या दोन खोल्यासुद्धा मधेच उघड्यावर कुठे ठेवणार? मी त्या इमारतीच्या भिंतीला चिकटवायला निघालो. फक्की ओतत ओतत, वाकून, मागे मागे सरकत गेलो, आणि माझी पाठ दाराला लागली. दार उघडलं. लवू उभा. माझी रेघ त्याच्या दाराखालून आत गेली होती.

"काय रे गरुडा," लवू म्हणाला, "माझ्या घरात खंय आखतंस?"

आणि नेमकी त्याच वेळी वरून आरोळी आली, "थांबा! ताच! तेवढाच पुरे!"

मी वर बघितलं. लवूने वर बघितलं. सुगंधा कठड्यावरून लवूच्या दाराकडे बोट दाखवत होती. दोन खोल्या, एका पातळीवर, समोर अंगण, अंगणात माती. जे घर ती आखून मागत होती ते चौदा वर्षं तिच्या बरोबर खाली उभं होतं. आणि त्याची चिठ्ठी मी स्वतः नाकारली होती.

"लवूक विचारा," त्या रात्री जेवताना ती म्हणाली. "दुसरा काय नाय. बेडूक म्हटल्यात ता चुकला, असा सांगा आणि विचारा."

सोपं वाटतं ना? मी दुसऱ्या दिवशी लवूकडे गेलो. तासभर बसलो. मिल, संप, गावची पालखी, कोणाची बायपास, सगळं बोललो. येताना विमलाने पिशवीभर कोकम दिलं. वर आलो.

"विचारल्यात?"

"कोकम दिल्यानी."

पुढच्या आठवड्यात परत गेलो. ह्या वेळी तोंड उघडलं. म्हणालो, "लवू, चौथ्या मजल्यावर वारा काय सुटतो रे!" विमला आतून म्हणाली, "हयसर नुसते डास. वरचे लोक माझ्या पापडांवर कचरो टाकतत." म्हणजे ती एका पायावर तयार होती. पण लवू म्हणाला, "बेडूक डासांवरच जगता गुणाजी. बेडूक सुखी हा." आणि पेपर वर केला. मी परत बहात्तर पायऱ्या चढून आलो.

"विचारल्यात?"

मी पाणी प्यायलो.

तर अशी परिस्थिती. अकरावा महिना. सुगंधा वर, माती खाली, आणि मधे माझी एक जुनी फुशारकी आडवी पडलेली. मग सव्वीस जानेवारी आली.

शिवदास, आता लक्ष दे. सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सार्वजनिक सत्यनारायण असतो, ते तुला ठाऊक आहे. पण आरतीआधी गाऱ्हाणं घालतात, ते तू ऐकलेलं नाहीस. गेल्या वर्षी तू सासुरवाडीला होतास. गाऱ्हाणं म्हणजे काय, तर एक माणूस नारळ हातात घेऊन मोठ्याने देवाला सांगतो, की बाबा असं असं झालंय, तू असं असं कर. प्रत्येक वाक्याला शेवटी 'म्हाराजा' म्हणतो, आणि जमलेले सगळे एका सुरात ओरडतात, 'व्हय म्हाराजा!' कोकणातल्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. तो झोपेत असू दे, दाढेत दुखत असू दे, 'म्हाराजा' कानावर पडलं की त्याचं तोंड आपोआप 'व्हय म्हाराजा' म्हणतं. आपण कशाला हो म्हटलं ते कानाला नंतर कळतं. आणि एकदा देवापुढे हो म्हटलं, नारळ फुटला, की संपलं. त्यातून माघार नाही. कागदावरची सही एक वेळ फिरवता येते.

आणि ह्या 'व्हय म्हाराजा'त सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? लवूचा. गावात त्याच्या तीन पिढ्या हेच करत आल्या.

दरवर्षी गाऱ्हाणं घालतो पहिल्या मजल्यावरचा सीताराम. पण त्या वर्षी आदल्या दिवशीच्या भजनात त्याचा घसा बसला. नुसती हवा यायला लागली. भटजी घड्याळ बघायला लागले. माणसं दोनशे. मंडपाला तिन्ही बाजूंनी कापड होतं, वरून उघडा ठेवला होता, सुगंधाला वरून पूजा दिसावी म्हणून. पोरांनीच ठरवलं तसं. चौरंगावर देव, चौरंगापुढे सीताराम. त्याने नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

मी घसा खाकरला.

"मग?" शिवदास पुढे सरकून बसला.

मग काय! असं गाऱ्हाणं मुलुंडमध्ये त्याआधी झालं नाही आणि नंतर होणार नाही. ऐक.

"बा देवा म्हाराजा! ह्या मिठागराच्या राखणदारा, ह्या जाग्याच्या जागेवाल्या, तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या सगळ्यांच्या कुळदेवांनू म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या ह्या लेकरांनी एक होवन पूजा मांडली हा, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जिन्यातलो बल्ब दर आठवड्याक जो कोण काढून नेता, त्येका बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात एक आवाज जरा बारीक आला, तो कोणाचा ते आम्ही सगळ्यांनी ओळखून ठेवलं.

"टाकयेतला पाणी सकाळी सातपर्यंत टिकव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भिंती हादरल्या. गच्चीवरचे अँटेना हलले, घराघरात संचलन दिसायचं बंद झालं.

"ह्या माझ्या पायांका अकरा म्हयने माती लागाक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बेडूक म्हणान एका भल्या माणसाक ज्येणा हिणवल्यान, त्येची जीभ लांब पण मन बरा हा, त्येची चूक पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लवूच्या मनात येवन त्येणा आपली खालची जागा आमका दिवची, आणि आमची वाऱ्याची जागा विमलेसाठी घेवची, असा कर रे म्हाराजा!"

लवूने मान अशी ताडकन वर केली की त्याची पांढरी टोपी मागे पडली ती थेट शिऱ्याच्या पातेल्यात. आणि छाती फुटेल असा ओरडला, "व्हय म्हाराजा!"

दोनशे माणसांमध्ये सगळ्यांत मोठा आवाज. नारळ फुटला, दोन सरळ भकलं झाली. मग लवूने तोंडावर हात ठेवला. पण तोंडातून गेलेलं केव्हाच वर पोचलं होतं. सगळं कंपाउंड त्याच्याकडे बघत होतं. लवूने पातेल्यातली टोपी काढली, तिच्यावरचा शिरा बोटाने पुसून खाल्ला आणि म्हणाला, "गोड हा. मगे सामान कधी काढूचा?"

विमला तिथे नव्हतीच. ती घरात सामान बांधायला मच्छरदाणीच्या दोऱ्या सोडत होती.

त्याच दुपारी अदलाबदल झाली. कागदपत्रं पुढे सावकाश झाली, सामान आधी. जिन्यावरून एक वरात वर, एक वरात खाली. दुसऱ्या मजल्यावर दोन कपाटं समोरासमोर आली आणि कोणीच मागे हटेना. तास गेला. शेवटी दोन्ही कपाटं रिकामी करून कपडे इकडचे तिकडे केले आणि कपाटं आपापल्या मजल्यावर परत गेली. म्हणून माझ्या कपाटावर आजही विमलाचं नाव आहे. त्यांचा पाटा आमच्याकडे, आमचा वरवंटा त्यांच्याकडे, वाटण करायचं तर टोपली सोडावी लागते.

आणि सुगंधा. तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलली. राजारामने खुर्चीचा एक पाय धरला होता, स्कूटरची लाज होती त्याला. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. खाली आल्यावर चौघे तिला सरळ घरात नेणार, तर ती म्हणाली, "ठेवा माका हयसर."

अंगणात ठेवली. तिने चपला काढल्या. एक पाय मातीवर ठेवला, मग दुसरा. बोटं अशी पसरली. माझ्या जुन्या रेघांची थोडी फक्की अजून तिथे होती, ती तिच्या टाचेला लागली. मग सुगंधा उठली आणि दारातून आत गेली, बरोबर दारातून, आणि चूल कुठे ते हाताने दाखवलं.

"तर शिवदास," मी मांडीवर थाप मारली, "एका गाऱ्हाण्यात मी बायकोला चौथ्या मजल्यावरून जमिनीवर आणली. एका गाऱ्हाण्यात!"

शिवदासने चहाचा रिकामा कप बाकड्यावर ठेवला. चष्मा पुसला. कोर्टातला चष्मा.

"काका, लवूअण्णांची टोपी मागे पडली. बरोबर?"

"शिऱ्यात. दोनशे साक्षीदार आहेत."

"म्हणजे त्यांनी मान वर केली."

"ताडकन."

"तुम्ही कुठे होतात?"

"चौरंगापुढे. नारळ हातात."

"जमिनीवर."

"मग काय माडावर?"

"मग लवूअण्णा वर कोणाकडे बघत होते?"

मी ऐकलं तर खिडकीतलं खर्र, खर्र बंद झालेलं. कधी बंद झालं कोण जाणे, मी बोलण्याच्या भरात होतो.

"देवाकडे," मी म्हणालो.

"देव चौरंगावर होता, तुम्हीच सांगितलंत. आणि अकरा महिने माती न लागलेले पाय कोणाचे? तुमचे? तुम्ही तर रोज कंपाउंडात फक्की ओतत होतात. 'त्याची जीभ लांब पण मन बरं', हे स्वतःबद्दल स्वतःच म्हणालात?" शिवदास उभाच राहिला. "खोटं आहे काका! साफ खोटं! दोनशे माणसं बघून तुमचं तोंडच उघडलं नाही, तुम्ही नारळ धरून नुसते उभे राहिलात. गाऱ्हाणं घातलं काकींनी! चौथ्या मजल्यावरून!"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या खिडकीतून, चार मजले सहज चढेल अशा आवाजात, आरोळी आली:

"व्हय म्हाराजा!"